आजीची नजर आणि धुरीदादा

परवा आमच्या नवीन ऑफिसात एका मुलाने मला त्याने जोडलेला सीन दाखवला आणि विचारलं, "हा क्लोजअप इथे भारी वाटतोय ना?" आणि मी काहीही विचार न करता ओरडले, "भारी ऱ्हवांदे! कोण बघता आणि काय बघता, ता आदी सांग!"

अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. पोरगा बिचारा म्हणाला, "तू मालवणी आहेस?"

नाही हो! मी मुलुंडची, आमचं गाव साताऱ्याकडे. कोकणात मी फक्त कॉलेजच्या ट्रिपला गेलेय आणि तेव्हाही गाडी लागून झोपले होते. मालवणी मी एका माणसाकडून उचलली, साकीनाक्याला, एडिट वन नावाच्या एडिटिंगच्या खोलीच्या दारात उभं राहून. तो माणूस म्हणजे गजानन धुरी. आमचा धुरीदादा. परवापासून डोक्यात तोच फिरतोय, कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून हे.

तेव्हा मी एका मराठी डेली सोपचे प्रोमो कापायचे आणि शेजारच्या खोलीत दादा त्याच सिरियलचे एपिसोड कापायचा. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सेटवरून दिवसभराचं शूटिंग कच्चं येतं, त्याला आम्ही रशेस म्हणतो. त्यात सगळं असतं. चुकलेले डायलॉग, मध्येच शिंकलेली सासू, मागून जाणारा चहावाला. त्यातून कुठला तुकडा घ्यायचा, कुठे तोडायचा, कशाला जोडायचा हे एडिटर ठरवतो. लोकांना वाटतं, एडिटर म्हणजे नको ते काढून टाकणारा. दादाला कोणी असं म्हटलं की तो भडकायचा. "ता काम भाजीवाल्याचा! मी काय भाजी निवडतंय?"

आमची बिल्डिंग म्हणजे एक इंडस्ट्रियल गाळा होता. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना, वर आम्ही. खालच्या मशीनचा ठक्क, ठक्क आवाज दिवसभर जमिनीतून यायचा. नवीन माणूस वैतागायचा. दादा म्हणायचा, "त्येच्यावरच तर माझी सिरियल चलता." आणि सिरियसली, खालचं मशीन बंद पडलं की त्या दिवशीचे सीन लांबायचे. मी एकदा हे त्याला बोलून दाखवलं तर तो खाली जाऊन कारखान्याच्या मालकाला विचारून आला, मशीन कधी दुरुस्त होणार म्हणून.

दिसायला कसा? केस काळेकुळकुळीत, डाय केलेले, मिशी पांढरीशुभ्र. मिशीला डाय लावला की खाज सुटते, म्हणून तिला सोडून दिलेलं. शर्टावर कायम मोठी मोठी फुलं. रोज घाटकोपरहून मेट्रोने यायचा, भटवाडीत राहायचा, आणि डब्यात आठवड्यातून निदान तीनदा सुकट. एसी ऑफिसात सुकट उघडायची नाही असा नियम खास त्याच्यासाठी काढलेला. तो जिन्यात बसून जेवायचा आणि त्याच्याबरोबर जेवायला म्हणून अर्धं ऑफिस जिन्यात.

पहिल्या दिवशी मी त्याला "सर, तुम्ही" म्हटलं. त्याने खुर्ची गर्रकन फिरवली.

"सर कोण? आणि तुम्ही-बिम्ही कित्याक? मी काय तुझो सासरो आसंय?"

"मग काय म्हणू?"

"दादा म्हण. आणि तू म्हण. सासऱ्याक कोण खरा सांगणा नाय."

म्हणून तू. आईला अजून ते खटकतं. "तुझ्या बाबांपेक्षा मोठा माणूस तो," म्हणते.

आता त्याला नम्र-बिम्र समजू नका. महा बढाईखोर माणूस! स्वतःचा सीन बघून स्वतःच टाळ्या वाजवायचा. "कोणी केल्यान ह्या? धुरीन केल्यान!" आणि सीन जमला नाही की चुपचाप उठून तोंड धुऊन यायचा. एका दुपारी चारदा तोंड धुवायला गेला की आम्ही समजायचो, आज सेटवरून काहीतरी भयंकर आलंय.

रशेस आले की पहिल्यांदा तो आवाज पूर्ण बंद करून बघायचा. मी विचारलं, का? तर म्हणे, "डायलॉग कान पकडून सांगतो तुला, की हा चांगला, हा वाईट. आवाज बंद कर, मग बघ. सगळे फक्त बघतायत. कोणीतरी कोणाकडे तरी बघतोय. एवढीच आहे सगळी गजाल." गजाल म्हणजे गोष्ट. आणि मग ते त्याचं ठरलेलं. कोण बघता आणि काय बघता.

मला हे तेव्हा फार मोठं-बिठं वाटलं नव्हतं. मग त्याच्या पुतणीच्या लग्नाचा किस्सा झाला.

पुतणीचं लग्न मुलुंडलाच झालं होतं, हॉलमध्ये. व्हिडिओवाल्याने सगळं शूटिंग एका पेनड्राइव्हवर दिलं आणि पुतणीने नवीन घरी बसून ते बघितलं. त्यात सासू! हाराच्या वेळी सासूचं तोंड वाकडं. सप्तपदीला तोंड वाकडं. माहेरची माणसं जेवायला बसली, तेव्हा तर असं की कोणीतरी तिला कारल्याचा रस पाजलाय. पुतणीने आईला फोन केला, आईने मावशीला, आणि आठवड्याभरात दोन्ही घरात बोलणं बंद. "त्यांना आमची मुलगी पसंतच नव्हती, पुरावा आहे आमच्याकडे!" पुरावा म्हणजे तो पेनड्राइव्ह.

दादाने तो पेनड्राइव्ह आमच्या ऑफिसात आणला. सगळं बघितलं, आवाज बंद करून. आणि कुठेतरी मध्येच, व्हिडिओवाला चुकून कॅमेरा खाली धरून चालत होता तेव्हा, त्याला एक तुकडा सापडला. खुर्चीखाली पैठणीचा काठ, आणि पैठणीतून एक पाय बाहेर आलेला. नवी कोरी टाचेची चप्पल अर्धी काढून सासूबाई अंगठा दुसऱ्या पायावर घासतायत.

बास. दादाने तो पाय उचलला आणि अगदी सुरुवातीला, पहिल्या वाकड्या तोंडाच्या आधी लावला. बाकी एकही चेहरा बदलला नाही. यार, मी खरंच सांगते, तेच तोंड, तीच कपाळावरची आठी, पण आता प्रत्येक वेळी ती दिसली की वाटायचं, अगं बाई, केवढी चावतेय ती चप्पल! सप्तपदीला तर मी खुर्चीवरून पडायची बाकी होते.

दोन्ही घरं भटवाडीत एकत्र बसवून त्याने तो व्हिडिओ दाखवला. पाय दिसला आणि सासूबाईच ओरडल्या, "हीच! हीच ती मेली चप्पल! जीव घेतला माझा!" खोलीभर हसू. पुतणी उठली आणि सासूचा अंगठा बघायला गेली, इतक्या दिवसांनी.

भटवाडीतलं हे सगळं त्याने मला जिन्यात सुकट खाता खाता सांगितलं. मी म्हटलं, "पण दादा, तोंड चपलेमुळेच वाकडं होतं ना? नक्की?"

दादाने भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. "माका काय म्हायत?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाय खरा, तोंड खरा. मधली जागा माझी."

त्या "मधल्या जागे"ने एकदा त्याचीच वाट लावली होती, तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती आरती करतेय. एकदा एपिसोड थोडा छोटा पडला. डेली सोपमध्ये असं झालं की एडिटर काय करतो? सगळ्यांचे चेहरे ताणतो. एकाचं बघणं जरा जास्त, दुसरीचं बघणं जरा जास्त, मध्ये एक धडाम. दादाने घाईत आमच्या हिरोईनचा धाकटा दीर उचलला. तो दारात उभा राहून नुसता बघत होता. ॲक्टर बिचारा लंचची वाट बघत असणार. दादाने ते बघणं लांबवलं आणि लगेच वहिनी हसते तो शॉट जोडला, कारण तोच हाताशी होता.

दुसऱ्या दिवशी फेसबुकवर नुसता धुमाकूळ! "दिराचं वहिनीवर प्रेम आहे का?" बायका तावातावाने भांडतायत. एकीने लिहिलं, मला पहिल्या एपिसोडपासून संशय होता. चॅनेलचे फोन, लेखकाचे फोन, सेटवर त्या दिराची आई चिडून आली, माझ्या मुलाचं लग्न जमायचंय! शेवटी लेखकाने घाईघाईने त्या दिराला एक बायको आणून दिली. दादा चार दिवस कोणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "मीच नाय इचारलंय. कोण बघता, काय बघता. घड्याळ बघत बसलंय."

आणि आता कुंदाताईंचं. त्यासाठीच तर हे सगळं लिहायला घेतलं.

कुंदाताई आमच्या सिरियलमधल्या आजी. नाटकातून आलेल्या, आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूस सरळ बसेल. पण गेले काही महिने त्यांना डायलॉग आठवेनात. दोन वाक्यं नीट, तिसऱ्याला त्या थांबायच्या आणि डोळे बाजूला जायचे, जिथे असिस्टंट डायरेक्टर कागद घेऊन उभी असायची, पुढचा शब्द सांगायला. आधी कधीतरी, मग रोज. एका सीनचे इतके टेक व्हायला लागले की दिवसाचं शूटिंग कोलमडायचं. निखिल म्हणून आमच्या सिरियलचा चॅनेलकडचा माणूस होता, माझ्याहून थोडाच मोठा, वाईट मुळीच नाही, पण त्याच्या डोक्यावरही कोणीतरी बसलेलं. तो एक दिवस एडिट वनमध्ये येऊन म्हणाला, "दादा, आजीला गावाला पाठवायचं चाललंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सिरियलमध्ये गावाला गेलेलं माणूस परत येत नाही. काका अमेरिकेला जातात, आत्या काशीला जाते, आजी गावाला. बॅग घेऊन दारातून बाहेर, सगळे पाया पडतात, संपलं. आणि कुंदाताईंच्या वयाला एकदा डायलॉग विसरणारी बाई असं नाव झालं की पुढचं काम कोण देणार?

"तिका इचारलास?" दादाने विचारलं.

"अजून नाही. महिनाअखेरीला सांगू."

"मग महिनाअखेरीक बोल."

त्याच आठवड्यात तो घराचा सीन आला. मुलगे घर विकायला निघालेत आणि आजी भर दिवाणखान्यात सगळ्यांना सुनावते, मोठं भाषण. रशेसमध्ये कुंदाताई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "हे घर..." आणि गेलं! सगळं गेलं. डोळे डावीकडे, असिस्टंटकडे. चेहऱ्यावर अशी काही भीती, की मला बघवेना. असिस्टंट काहीतरी कुजबुजली, त्यांना नीट ऐकू गेलं नाही, आणि त्यांनी भाषणाचं शेवटचंच वाक्य उचललं, "...विकायचं नाही." बाकीचे टेक याहून वाईट.

दादा दोनदा तोंड धुऊन आला. मग आवाज बंद करून बघत बसला. मग मला हाक मारली, "चेडवा, हयसर ये. कोण बघता?"

"आजी."

"काय बघता?"

"असिस्टंटला बघतायत, कागदाकडे."

"ता तुका आणि माका म्हायत. घरात बसलेल्या बाईक काय म्हायत? आजीच्या डावीकडे काय आसा सेटवर?"

मी आठवलं. डावीकडे भिंत. भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो.

त्याने जुन्या एपिसोडमधून तो फोटो शोधून काढला. जोडला. "हे घर..." आजीचे डोळे डावीकडे. फोटो. परत आजीचा चेहरा, तीच भीती, फक्त आता ती भीती नव्हती, नवरा गेल्यावर त्याच्या घरात एकट्या उरलेल्या बाईचं काहीतरी होतं. "...विकायचं नाही."

माझ्या अंगावर काटा आला, अजून येतो. लेखक मात्र खवळला, माझं अख्खं भाषण खाल्लंत! पण एपिसोड दिसल्यावर वाकोल्याच्या त्याच्या बहिणीने रडत फोन केला, काय लिहिलंस रे! 

निखिलने लगेच सगळ्यांना सांगून टाकलं, आजीला फोटोकडे बघायला द्या. बापरे, मग काय! आजी मीठ विसरली की फोटो. फोन वाजला की फोटो. आजोबा जिवंतपणी कधी दिसले नव्हते ते मेल्यावर रोज दिसायला लागले. आणि गंमत म्हणजे तो फोटो होता आमच्या सेटवरच्या शिंपीकाकांचा, चांगले ठणठणीत. त्यांना बाजारात बायका थांबवून विचारायच्या, "तुम्ही वारलात ना?"

हसून हसून मेलो आम्ही. पण कुंदाताईंनी पण बघितला होता तो एपिसोड.

एक दिवस दुपारी त्या एडिट वनच्या दारात उभ्या. ॲक्टर कधी एडिटला येत नाहीत, दादाचा नियमच होता, रशेस कोणाला दाखवायचे नाहीत. हातात नारळाच्या वड्यांचा डबा. मी उठून जायला लागले तर म्हणाल्या, "बस गं, तू पण खा." आणि मग दादाला, "गजानन, मी काय फोटोकडे बघत नव्हते."

"माका म्हायत आसा, कुंदाताई."

"दाखव मला."

"नको. एडिटरचं स्वयंपाकघर आतून बघू नये."

"अरे, माझंच तोंड आहे ना? दाखव."

त्याने दाखवलं. सगळे टेक, एकामागून एक. खालचं मशीन ठक्क ठक्क चाललेलं. कुंदाताई चष्मा लावून बघत राहिल्या. मला वाटलं आता रडणार. त्या हसल्या! "अगं बाई, कशी बावळटासारखी बघतेय मी! शाळेत पाढे विसरलेली मुलगी." मग थोड्या वेळाने, "म्हणजे लोक त्या फोटोला रडले."

"खोटा! तुमका बघून रडले."

"मला कुठे? तू बनवलेल्या बाईला. ती छान आहे. पण ती मी नाही, गजानन."

दादाने हातातली वडी परत डब्यात ठेवली. 

"महिनाअखेरीला मला गावाला पाठवतायत," त्या म्हणाल्या. "सेटवर लपत नाही रे काही. मेकअपवाल्या मुलीला आधी कळतं. जायचं तर जाईन. पण सानिकाबरोबरचा तो मोठा सीन आहे ना पुढच्या आठवड्यात, तो मी एका दमात करणार. दोघी एका फ्रेममध्ये. तू तो कापायचा नाहीस. मी पडले तर पडलेली दिसू दे."

सानिका म्हणजे आमची हिरोईन, आजीची नातसून.

दादा म्हणाला, "कुंदाताई, माझा कामच कापूचा."

"मग एकदा सुट्टी घे."

आणि डबा ठेवून गेल्या.

सीन असा होता. आजी पहिल्यांदाच नातसुनेला सांगते की ती लग्नानंतर माहेरी परत का गेली नाही. एका दमात केला त्यांनी, पण सेटवर नेहमीसारखे दुसरे कॅमेरे चालूच होते, म्हणजे क्लोजअप वगैरे सगळं दादाकडे आलं. कापायचं ठरवलं असतं तर सहज कापता आलं असतं.

मी मागे उभी होते, निखिल खुर्चीत. कुंदाताई बोलायला लागल्या. काय बोलत होत्या! बंदरावरची होडी, वडलांनी दिलेली पेटी, "आई दारात उभी होती..." आणि थांबल्या. गेलं. डोळे डावीकडे गेले, तिथे या वेळी कोणीच नव्हतं, त्यांनीच असिस्टंटला बाहेर पाठवलेलं. मग डोळे परत आले आणि सानिकाकडे बघितलं. सरळ. सानिका, जिला आम्ही सगळे मागून नुसती बाहुली म्हणायचो, तिने हळूच आजीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई दारात उभी होती. मग, आजी?"

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कुंदाताईंचा चेहरा उजळला. "हो. दारात उभी होती. आणि मी मागे वळून बघितलं नाही." आणि पुढे शेवटपर्यंत, एकदाही न अडखळता.

निखिलने श्वास सोडला. "सुपर्ब. दादा, तो मधला पॉज उडवा. फोटो टाका तिथे."

 दादाने आधी तसंच करून दाखवलं. पॉज उडवला, फोटो टाकला. छान झालं. व्यवस्थित. एका म्हाताऱ्या बाईने एक गोष्ट सांगितली. निखिल बघता बघता फोनमध्ये मेसेज करत होता.

"आता ह्या बघ," म्हणून दादाने न कापलेलं लावलं. आजी थांबली तिथे निखिलचा अंगठा फोनवर थांबला. सानिकाने हात धरला आणि त्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

सीन संपला.

"हे तर सानिकाचं झालं, दादा," निखिल म्हणाला. "आजीची गोष्ट होती ना?"

"दोघींची झाली रे झिला. मगाशी एकटीची होती."

"चॅनेल म्हणणार स्लो आहे."

"चॅनेलाक सांग, धुरी म्हातारो झालो, तेका कापूक येणा नाय."

निखिल हसला. मग म्हणाला, "आणि लोकांना कळलं तर, की ताई विसरल्या?"

"कळांदे. घराघरात एक आजी आसा मेल्या. सगळ्याच इसारतत. हात धरणारा कोणीतरी दिसांदे एकदा."

निखिलने डोकं खाजवलं, फोन उचलला, ठेवला, परत उचलला आणि बाहेर जाऊन वरच्यांशी बोलला. बराच वेळ बोलला. आत आला तेव्हा कान लाल झालेले. "जाऊ दे तसाच," म्हणाला. आणि तसाच गेला.

मला सस्पेन्स धरवत नाही म्हणून सांगूनच टाकते, आजी गावाला गेली नाही! लोकांनी त्या सीनवर एवढं लिहिलं, स्वतःच्या आज्यांबद्दल, आयांबद्दल, की वरच्यांनी बॅगचा विषयच काढला नाही. लेखकाने उलट आजीचं विसरणं सिरियलमध्येच घेतलं. आजी विसरते, नातसून आठवण करून देते. कुंदाताईंना आता सेटवर विसरायची भीती नाही, कारण विसरल्या तरी ती आजीच विसरते. सानिका बरोबर असली की त्यांना असिस्टंट लागत नाही. आणि गंमत बघा, भीती गेली तसं विसरणंही कमी झालं. आजोबांचा फोटो मात्र मागे पडला. शिंपीकाका थोडे नाराज आहेत.

त्यानंतर मला अंधेरीचं हे काम मिळालं. साकीनाक्यातल्या शेवटच्या दिवशी दुपारी मी दादाला भेटायला एडिट वनकडे गेले, पेढे घेऊन. दार अर्धवट उघडं होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात आत बघितलं आणि थांबले.

पडद्यावर त्या दिवशीचे रशेस चालू होते. कुंदाताई आणि सानिका स्वयंपाकघरात, कसलासा साधा सीन, आमटीचा. कुंदाताई मध्येच थांबल्या होत्या. दादा एकटाच होता. दोन्ही हात त्याने मांडीखाली दाबून धरले होते, की-बोर्डपासून लांब, शाळेत बाईंनी शिक्षा केल्यासारखे. फुलाफुलांच्या शर्टातली पाठ पुढे वाकलेली. सीन कधीच शूट होऊन गेलेला, जे व्हायचं ते होऊन गेलेलं, त्यालाही माहीत होतं. तरी तो पडद्याकडे बघून हळूच पुढचा शब्द सांगत होता.

"चिंच गो, कुंदाताई. चिंच."

पडद्यावर कुंदाताईंनी सानिकाकडे बघितलं. दादाचे हात मांडीखाली अजून घट्ट झाले.

"चिंच घाल थोडी," कुंदाताई म्हणाल्या.